भिंत बोलली

"वकीलबाई, भिंत बोलली." गोव्यातल्या डिचोलीच्या माझ्या ऑफिसात सोमवारी सकाळीच काकी येऊन बसल्या आणि पिशवीतून पोचा आलेला तांब्या काढून टेबलावर ठेवला. पुरावा म्हणून.

घर जुनं, मधे राजांगण म्हणजे आतलं अंगण, दोन भावांचं आणि वाटणी न झालेलं. थोरले वारले, काकी त्यांच्या मागे एकट्या. दिराचा मुलगा मस्कतला. कुळागरातल्या, म्हणजे पोफळीच्या बागेतल्या, सुपाऱ्या चोरीला जातात म्हणून त्यानं कॅमेरे बसवून घेतले, त्यातला एक राजांगणाच्या खांबावर. काकी न्हाणीतून ओल्या केसांनी बाहेर आल्या, तुळशीला पाणी घालायला वळल्या, तोच खांबावरून आवाज: "काकी, नळ उकतोच आसा गो!"

पोरगा वाईट नाही. पाणी वाया जात होतं, एवढंच त्याचं म्हणणं. पण म्हणजे तो रोज बघतो, हे काकींना त्या दिवशी कळलं.

कायदा धुंडाळला. आयटी कायद्याचं कलम 66ई खासगी अवयवांच्या चित्रणापुरतं. काकी तर नऊवारीत. 2023चा डेटा संरक्षण कायदा घरगुती वापराला हातच लावत नाही. 2017 साली सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला खरा, पण तो मस्कतच्या पुतण्याला कसा ऐकवायचा? कामी आला तो 2025चा कलकत्ता हायकोर्टाचा निकाल: एकाच घरातले दोन भाऊ, आणि सोबत राहणाऱ्याच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे नकोत. सुप्रीम कोर्टानंही त्यात हात घातला नाही. शिवाय आपल्याकडे गोव्यात अजून चालणाऱ्या पोर्तुगीज नागरी कायद्यानं, वेगळा करार केला नसेल तर, लग्नापासूनच बायको नवऱ्याच्या वाट्याची निम्मी मालकीण. काकी त्या घरात कुणाच्या उपकारावर राहत नव्हत्या.

संध्याकाळी घरी गेले, पुतण्याला व्हिडिओ कॉल लावला. तो तडकला. "काकी मला शिव्या घालते त्याचं रेकॉर्डिंग आहे. कोर्टात दाखवतो."

म्हटलं, "दाखव. साक्ष अधिनियमाच्या कलम 63चं प्रमाणपत्र लागेल, हॅश व्हॅल्यूसकट, म्हणजे फाइलच्या डिजिटल ठशासकट. आणि काकी फोनवर लेकीशी काय बोलते ते तू मस्कतमध्ये बसून ऐकत होतास, हे आधी सिद्ध होईल."

बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज. मग, "आवाज बंद करतो. कॅमेरा कुळागराकडे वळवा."

दीर शिडीवर चढले. मी साध्या कागदावर चार ओळी लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. फी म्हणून काकींनी सोललेल्या सुपाऱ्या दिल्या, नको म्हटलं तरी.

निघताना पाहिलं, कॅमेऱ्याची पाठ राजांगणाकडे होती. काकी न्हाणीकडे गेल्या त्या मात्र खांब टाळून, सोप्यावरून वळसा घालूनच.