पासवर्ड कोणाकडे आहे?

मुक्त शिक्षणासाठी जगभरातून काम करणाऱ्या आमच्या स्वयंसेवक गटाचा पुढच्या पाच वर्षांचा आराखडा कोण करणार, असा प्रश्न निघाला आणि मी हात वर केला. (स्वयंसेवी कामात हात वर करणाऱ्याच्याच गळ्यात सगळं पडतं, हे तोवर कळायला हवं होतं.)

सुरुवातच फसली. सदस्यांचं मत विचारणारी प्रश्नावली आम्ही फक्त इंग्रजीत काढली. उत्तरं दिली ती एरवीही बैठकीत भरपूर बोलणाऱ्यांनी. भाषांतर करणारे गप्प होते, आणि त्यांना काही म्हणायचंच नसेल असं आम्ही जवळजवळ धरून चाललो होतो. शेवटी एका भाषांतरकार बाईंनी सुनावलं, "प्रश्न तुमच्या सोयीच्या भाषेत, मुदत आठ दिवसांची, आणि वर उत्तरं का आली नाहीत म्हणून विचारता?" मग पाच भाषांत ती पुन्हा काढली. बैठकाही प्रत्येक विषयावर दोनदा, बारा तासांच्या अंतराने. दोन्ही झाल्यावर सात दिवसांत कुणाची हरकत आली नाही, तरच ठराव पक्का.

खरा कस लागला परवान्यावर. आमचे जुने धडे क्रिएटिव्ह कॉमन्सच्या नॉन-कमर्शियल परवान्याखाली होते, म्हणजे वापरा, वाटा, पण धंद्यासाठी नाही. विकिपीडियातला मजकूर शेअर-अलाइक परवान्याखाली असतो. त्यात विकायला मनाई नाही, पण त्यातून जे बनेल तेही त्याच अटींवर खुलं ठेवावं लागतं. त्यामुळे तो आणि आमचा धडा एकत्र करून नवा धडा बनवता येत नव्हता. आपणही शेअर-अलाइक परवाना घेऊ या, असं बहुतेकांचं मत पडलं. पण बहुमताने हे होत नाही. लिहिणाऱ्यांनी हक्क गटाच्या नावे केलेले नव्हते, ते ज्याचे त्याच्याकडेच होते. म्हणजे प्रत्येकाची लेखी संमती हवी. तीन महिने मी तेवढंच केलं. काहींचे पत्ते बंद पडलेले, काहींना आपण धडा लिहिला होता हेच आठवेना. एका शिक्षकाने साफ नकार दिला. "माझा धडा छापून कुणी विकलेला मला चालणार नाही." शेअर-अलाइकमध्ये विकणाऱ्यालाही सुधारित धडा त्याच अटींवर खुला ठेवावा लागतो, हे समजावून पाहिलं. तरी नाहीच. त्यांचं म्हणणं मला अजूनही चुकीचं वाटत नाही. संमती न मिळालेले धडे होते तसे ठेवले.

हे पत्ते शोधतानाच एक गोष्ट उघड झाली. डोमेनच्या, म्हणजे आमच्या संकेतस्थळाच्या पत्त्याच्या, नूतनीकरणाची सूचना चार वर्षांपूर्वी गट सोडून गेलेल्या संस्थापकाला जात होती, आणि सर्व्हरचे पैसे एक सदस्य गुपचूप स्वतःच्या कार्डावरून भरत होता. नव्या भाषा, नवे विषय, दुप्पट सदस्य अशी स्वप्नं रंगवलेला आमचा मसुदा त्या दिवशी मी बाजूला ठेवला. धडे मुक्त परवान्याखाली असल्याने आमच्या पश्चातही कुणीतरी वापरेल, पण गटाचं तसं नाही.

नवा मसुदा रुक्ष झाला. प्रत्येक किल्ली, म्हणजे पासवर्ड, दोघांकडे, प्रत्येक जबाबदारी दोन वर्षांची, शिवाय गट बंद करायची वेळ आली तर प्रती कुठे ठेवायच्या याचं एक पान. त्या पानावरून एकजण चिडला, "बारशालाच मृत्युपत्र वाचता का?" पान राहिलं.

शेवटचा वाद आराखड्याच्या मंजुरीचा, शेवटचा शब्द कुणाचा याचा. 2024 मध्ये विकिमीडियाच्या, म्हणजे विकिपीडियामागच्या चळवळीच्या, मुव्हमेंट चार्टर या कारभाराच्या सनदेच्या बाजूने मतदारांनी आणि संलग्न संस्थांनी कौल दिला, पण विश्वस्त मंडळाने तो मान्य केला नाही. हे उदाहरण कुणीतरी बैठकीत काढलं आणि तासभर दुसरा विषयच निघाला नाही. आमच्या छोट्या समितीला नकाराधिकार नको, फक्त कारण लिहून एकदा फेरविचारासाठी परत पाठवता येईल, यावर सगळे थांबले.

संस्थापकाने तीन स्मरणपत्रांनंतर डोमेन हस्तांतरित केलं. सर्व्हर मात्र अजून त्याच सदस्याच्या कार्डावर आहे. त्या कार्डाची मुदत पुढच्या वर्षी संपते, आणि आराखड्यात त्या ओळीसमोर माझं नाव आहे. दुसरं नाव अजून मिळालेलं नाही.