हलकं ब्लेड, पण रबर कुठलं?

टेबल टेनिसच्या नव्या, हलक्या ब्लेडवर (बॅटच्या लाकडी भागावर) जुन्या बॅटचं हरिकेन रबर चालेल का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तसे तुम्ही काही पहिले नाही. हॉलवर कुणीही माझी बॅट उचलली की आधी हातात दोनदा उडवून बघतं, "अहो, आतून पोकळ आहे का ही?" म्हणतं, आणि मग मुद्द्यावर येतं: इतक्या हलक्या ब्लेडवर रबर कुठलं लावायचं?

पोकळ नाही. निव्वळ कार्बनचीही नाही. नियमानं ब्लेडच्या जाडीत किमान ८५ टक्के नैसर्गिक लाकूड असावंच लागतं. माझ्या ब्लेडच्या पोटात बाल्सा आहे. इक्वेडोरकडचं झाड, आपल्या काटेसावरीच्या गोतातलं, नखानं दाबलं तरी खड्डा पडेल इतकं मऊ. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ब्लेड भरलं ६८ ग्रॅम. आधीचं ८८ होतं. कोपर इतकं धरलं होतं की पोळ्या लाटणंही नको वाटायचं, तेव्हा हे घेतलं. वीस ग्रॅम वाचले, सुटले एकदाची, असं वाटलं.

कसली सुटतेय! मीही जुन्या बॅटचं हरिकेन ३ हे चिनी रबर सोललं आणि तेच यावर फोरहँडला चिकटवलं. ते एकटंच ५२ ग्रॅम. ब्लेड हलकं असलं की मुठीतही वजन राहत नाही, आणि रबराचं सगळं वजन जातं पुढे. त्यामुळे एकूण बॅट हलकी होऊनही हातात डोकंजड लागते. मनगट वळवताना कोपराला कळ यायची ती यायचीच.

खेळाचं म्हणाल तर चिनी रबराचा पृष्ठभाग चिकट, खालचा स्पंज कडक. तो स्पंज दबायला मागून वजनदार, दमदार फटका लागतो. बाल्साचं उलटं आहे. चेंडू नुसता टेकला तरी ते उसळी देतं, पण जीव खाऊन मारलं तर फारसं वाढीव काही हाती लागत नाही. एक जण धाप लागेस्तोवर धावणारा, दुसरा दोन पावलांत बसकण मारणारा, जोडी जमेना. माझे लूप, म्हणजे फिरकी देऊन मारलेले फटके, जाळीच्या वर जायचे, पण समोरचा ते आरामात ब्लॉक करायचा, नुसती बॅट पुढे धरून परतवायचा. सर्व्हिस मात्र सुरेख पडायची, कारण तिथे वजन नको, घासणं हवं. हे लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

मग एका मैत्रिणीनं तिचं वापरलेलं टेनर्जी ०५ दिलं. मुळातच उसळतं रबर आणि उसळतं लाकूड. टेबलापासून लांब उभं राहून खेळताना मजा आली, नाही म्हणत नाही. पण सर्व्हिस परतवताना आखूड ठेवायला जावं तर चेंडू हातभर वर, समोरच्याला आयतं ताट वाढलेलं. चार दिवसांत काढलं. घाईघाईत ओढलं आणि वरच्या पातळ प्लायची एक कुसळ रबराबरोबर निघून आली. तेव्हा नवं ब्लेड असेल तर रबर लावण्याआधी व्हार्निशचा अगदी पातळ हात फिरवा. मी तो शहाणपणा नंतर केला.

शेवटी बसलं ते यासाकाचं मार्क व्ही. १९६९ पासून बाजारात असलेलं रबर, पोरं त्याला आजोबा म्हणतात. स्पंज १.८ मिलिमीटरचा, कापून ४३ ग्रॅम. स्वतःची उसळी बेताची, त्यामुळे लाकडाचं बोलणं ऐकू येतं. चेंडू लागला की रिकाम्या डब्यावर टिचकी मारल्यासारखा आवाज येतो. शेजारच्या टेबलावरचे वैतागतात, मला तो फार आवडतो. फटका बरोबर मध्यावर बसला की नाही हे त्या आवाजावरून कळतं.

बॅकहँडला स्पंजाशिवायचे लाँग पिंपल, म्हणजे लांब रबरी दाण्यांचं रबर. पूर्वी लोक 'म्हाताऱ्यांचं रबर' म्हणून हसायचे. मनिका बत्रानं लाँग पिंपल वापरून २०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत एकेरीचं सुवर्ण जिंकल्यापासून तेवढं हसत नाहीत. ते लांब, लवचीक पिंपल चेंडूवरची फिरकी पुसत नाहीत, म्हणून समोरच्याचा टॉपस्पिन (पुढे फिरणारा चेंडू) त्याच्याकडेच बॅकस्पिन (उलटा फिरणारा) होऊन परततो. मधे स्पंज नसल्यामुळे चेंडू जवळजवळ थेट लाकडावर येतो, आणि इथे बाल्साची खोड उघडी पडते: माझे ब्लॉक पहिले पंधरा दिवस टेबलाबाहेर जात होते. मूठ सैल सोडायला शिकले तेव्हा आत पडायला लागले. वजन मात्र जेमतेम १८ ग्रॅम.

अख्खी बॅट १३० ग्रॅमच्या आसपास. जोरदार स्मॅश आला की बॅट हातात थरथरते, हे खरंय. चेंडू २.७ ग्रॅमचाच, पण हलकी बॅट त्याच्यापुढे ठाम उभी राहत नाही. मुठीवर बॅडमिंटनची ग्रिप गुंडाळली, तोल जरा मागे आला. कोपर गप्प आहे.

तेव्हा तुमचं हरिकेन जुन्या ब्लेडवरच राहू द्या. आणि नाहीच ऐकलंत, चिकटवलंतच, तर बुधवारी बॅट हॉलवर घेऊन या. मला त्यावर दहा-बारा सर्व्हिस करून बघायच्या आहेत.