फॅन फिरत होता

गुरुजी खानापूर तालुक्यातले, निवृत्त प्राथमिक शिक्षक. गाडी १९९० च्या दशकातली, कार्ब्युरेटरची मारुती ८००. माझ्याकडे येण्याआधी तिच्यावर काय काय झालं ते त्यांनी वहीत ओळीनं लिहून आणलं होतं. रेडिएटर नवा, वॉटर पंप नवा, हेड गॅस्केट, हेडचं (इंजिनाच्या वरच्या झाकणाचं) फेसिंग म्हणजे घासून सपाट करणं, बॅटरी, स्टार्टरची दुरुस्ती, इग्निशन कॉइल, ॲक्सिलरेटरची केबल. बिलं जोडली तर पंचवीस हजारांच्या वर गेली असती. "मिस्त्री, सगळं बदललं ओ, तरी तापायलीय. आणि तापली की सेल्फ उचलत नाही. बघा की जरा."

आमच्या धंद्यात तापणाऱ्या गाडीला एक ठरलेला क्रम लागतो. आधी थर्मोस्टॅट काढून फेकायचा, मग रेडिएटर, मग पंप, शेवटी हेड. या गाडीचाही थर्मोस्टॅट काढलेलाच होता. मला या सवयीची चीड आहे. थर्मोस्टॅट साधारण ८२ अंशांना उघडणारी झडप आहे. ती काढली की थंडीच्या दिवसांत हायवेवर इंजिन पुरेसं तापतच नाही, पेट्रोल जास्त जातं, आणि घाटात जो त्रास व्हायचा तो होतोच. वर रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे, इथं उघड्या भांड्यातलं पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं. इंजिनातलं पाणी त्याच्या पुढं टिकतं ते रेडिएटरच्या कॅपच्या दाबामुळं. ०.९ बार दाबाचा कॅप नीट बसत असेल तर उकळी ११८ अंशांच्या आसपास जाते. पण कॅपचं रबर कुणी बघत नाही. तो स्वस्त, म्हणून त्याच्यावर कुणाचा संशयही जात नाही.

गुरुजींचा कॅप मात्र चांगला निघाला.

मी हत्यार उचलण्याआधी प्रश्न विचारतो. गाडी कुठं तापते? गावात, शनिवारच्या बाजारात, आणि गोव्यात साखळीला मुलीकडे जाऊन परत येताना चोर्ला घाट चढताना. धारवाडला जाताना? "नाही, धारवाडला गेलो की काही नाही." म्हणजे गाडीचा वेग असतो तेव्हा वाऱ्यावर भागतं, वेग नसतो तेव्हा भागत नाही. हे उत्तर ऐकल्यावर माझ्या लेखी रेडिएटर, पंप आणि हेड तिघेही मागं पडले होते. दुसरा प्रश्न, तापून बंद पडल्यावर ढकलली तर? "ढकलली की लगेच! जांबोटीजवळ पोरांनी ढकलली, पहिल्या झटक्यात चालू झाली." आधीच्या गॅरेजवाल्यानं वहीत 'पेट्रोलची वाफ अडकते' असं लिहून दिलं होतं. पेट्रोलच कार्ब्युरेटरपर्यंत पोचत नसेल तर ढकलून तरी ती पहिल्या झटक्यात कशी चालू होईल? सेल्फनं होत नाही आणि ढकलून होते, याचा अर्थ पेट्रोल आहे, हवा आहे, कमी पडतेय ती वीज.

तिसरी गोष्ट त्यांनी जाता जाता सांगितली. वर्षभरापूर्वी गाडीच्या नोंदणीची पंधरा वर्षांची आणि पुढं वाढवून मिळालेली मुदत संपली, आरसी आणखी ५ वर्षांसाठी वाढवायला न्यायची होती, म्हणून तिला पूर्ण डेंटिंग-पेंटिंग केलं. तापायला कधीपासून लागली? "त्यानंतरच. पण रंगाचा आणि तापण्याचा काय संबंध?"

इंजिन गरम करून उभं ठेवलं. फॅन सुरू झाला. सगळे म्हणायचे फॅन चालतोय, आणि तो खरंच फिरत होता. रेडिएटरच्या पुढून वर्तमानपत्राचं एक पान लावून बघितलं. फॅन नीट ओढत असेल तर पान जाळीला चिकटून राहतं. इथं ते घसरून खाली आलं. हेडलाइट लावली, तर फॅनचा सूरच उतरला आणि दिवेही पिवळे पडले. फॅनच्या प्लगवर मीटर लावला तर ९ व्होल्टच्या जरा वर. बॅटरीवर १२.१. मग मीटरचं एक टोक अल्टरनेटरच्या आउटपुटवर आणि दुसरं त्याच्याच बॉडीवर ठेवलं. १४.२! अल्टरनेटर आपलं काम चोख करत होता, पण त्यानं तयार केलेलं निम्म्या वाटेत कुठं तरी मुरत होतं.

तेवढ्यात माझ्याकडचा पोरगा सेल्फ मारून कार्ब्युरेटरशी वाकला होता, तो हात झटकून म्हणाला, "अण्णा, केबल भाळ बिसी ऐति!" म्हणजे केबल फार तापलीय. ॲक्सिलरेटरची केबल. बोट ठेवता येईना. पोरगा कन्नड शाळेत सातवीपर्यंत शिकलेला, पण त्याच्या हाताला जे कळतं ते डिप्लोमा करून आलेल्यांना मी कळताना पाहिलेलं नाही. लोखंडी केबल आपोआप तापत नसते. तिच्यातून करंट जात होता. सेल्फ मारताना छोट्या गाडीलासुद्धा शंभर-सव्वाशे अँपिअर लागतात. तेवढा करंट इंजिनातून बॅटरीकडे परत जायला वाट शोधत होता आणि जाड वाट बंद असल्यामुळं ॲक्सिलरेटरच्या केबलमधून चालला होता. केबलच्या आतलं प्लॅस्टिक वितळून पेडल जड व्हायचं, म्हणून ती केबलही बदलून झाली होती.

बॅटरीच्या निगेटिव्हवर एक टोक, इंजिनवर दुसरं, आणि पोराला सेल्फ मारायला सांगितलं. ३.४ व्होल्ट, परतीच्या वाटेतच गळालेले. हा आकडा ०.५ च्या खाली हवा, मी तर ०.२ पेक्षा जास्त चालवून घेत नाही. बॅटरीवर तेव्हा १०.८ होते, म्हणजे स्टार्टरच्या वाट्याला सातच्या आसपास. कॉइलची अर्थ (करंट परत जायची वाट) सुद्धा इंजिनवरूनच, म्हणजे ठिणगीही तितकीच अशक्त. सकाळी थंड इंजिनावर हे कसंबसं भागतं. गरम झाल्यावर तांब्याचा रोध वाढतो, कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल वाफेनं खाली उतरून मिश्रण दाट होतं, आणि मग त्या ठिणगीला ते पेटवणं झेपत नाही.

खाली वाकून बघितलं तर बॅटरीची मूळ वायर नव्हतीच. पेंटिंगच्या वेळी ती काढून बाजारातली एक वायर टाकलेली, जी फक्त बॉडीला जात होती. बॉडीपासून गिअरबॉक्सपर्यंत एक विणलेली तांब्याची पट्टी, हिरवी पडलेली, दोन-चार तारांवर तगलेली, आणि तिचा लग, म्हणजे बोल्टखाली आवळायचं टोक, ताज्या रंगाच्या आणि प्रायमरच्या थरावर आवळलेला. पुढं फॅनची आणि हेडलाइटची अर्थ जिथं येते तो बोल्टही तसाच, रंगावर. कंटिन्यूटीचा, म्हणजे वाट जोडलेली आहे का ते सांगणारा, आवाज काढून बघितलं तर मीटर आनंदानं वाजला. वाजणारच, एक तार शिल्लक असली तरी तो वाजतो. ०.०३ ओहम साध्या मीटरला शून्यच वाटतं, पण त्यातून शंभर अँपिअर सोडले की ३ व्होल्ट गेले. हे मोजायचं असतं ते करंट वाहत असताना, व्होल्टमध्ये. नवीन पोरांना हे शिकवताना माझा घसा सुकतो, तरी प्रत्येक जण आधी टेस्ट लॅम्प लावतो, दिवा लागला की 'अर्थ ओके' म्हणून मोकळा.

जंप केबलनं निगेटिव्ह थेट इंजिनला जोडलं. गरम इंजिन अर्ध्या फेऱ्यात चालू झालं. गुरुजी स्टुलावरून उठून उभेच राहिले.

पुढचं काम साधं. रंग खरवडून पत्रा उघडा केला, जाड वायर गिअरबॉक्सला आणि तिचा फाटा बॉडीला, लग दाबून वर सोल्डर, बोल्टवर ग्रीस. थर्मोस्टॅट परत बसवला, बोअरचं पाणी काढून कूलंट भरलं. मोजणी पुन्हा केली: अर्थवर ०.१५, फॅनवर १३.६, कागद जाळीला चिकटला. त्याच आठवड्यात गुरुजी साखळीला जाऊन चोर्ल्यानं परत आले. कणकुंबीला मुद्दाम थांबवून, बंद करून, परत चालू केली म्हणाले.

बिल त्यांना फार कमी वाटलं. त्यांनी पुनःपुन्हा विचारलं, "एवढंच?" आणि मला त्या प्रश्नाचा त्रास झाला. आमच्याकडे नवा पार्ट दिसला की माणूस बिनतक्रार पैसे मोजतो, शोधायला दिलेल्या वेळेचे मात्र कुणी मोजत नाही. म्हणून मग गॅरेजवालेही शोधत नाहीत, बदलतात. आधीच्या मिस्त्रीला मी ओळखतो, त्याचा हात चांगला आहे, त्यानं हेड बसवलंय ते सुबक बसवलंय. फक्त ते उतरवायची गरज होती का, हे त्यानं स्वतःला विचारलं नाही.

आणि तिथंच माझं अडतं. हेड उद्यमबागेत, इथल्या औद्योगिक वसाहतीत, फेस करून आणलेलं आहे. ॲल्युमिनियमच्या या हेडला ०.०५ मिलिमीटरपर्यंतचा वाक चालतो. पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) लावून तो आधी कुणी मोजला होता का? गुरुजींना माहीत नाही, बिलात नुसतं 'फेसिंग' आहे. फॅन मंद असल्यामुळं इंजिन इतक्या वेळा उकळलं, की हेड खरंच वाकलं असणं शक्य आहे. किंवा ते सरळ होतं आणि उगाच घासलं गेलं. घासलेला धातू परत येत नाही, आणि पुढच्या वेळी खरी गरज पडली तर घासायला तेवढा कमी उरणार. गुरुजींना पावसाळ्याआधी गाडी परत आणायला सांगितलंय. तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजायचं आहे, आणि कूलंट एका रेषेनं जरी उतरलं असेल तर हेड मी स्वतः उघडून, पट्टी लावून बघणार आहे.