कोथरूडमधले पहिले घर आणि वीजबिलावरचे नाव

२०२४च्या सुरुवातीला आम्ही पुण्यात घर शोधू लागलो तेव्हा अट एकच होती, की पत्नीच्या नोकरीमुळे कोथरूड सोडायचे नाही. या भागात मोकळी जागा फारशी उरलेली नाही, वनाजची मेट्रो सुरू झालेली आहे आणि कित्येक जुन्या सोसायट्यांमध्ये पुनर्विकासाची बोलणी चाललेली असतात. त्यामुळे आमच्या ऐपतीतला दोन बेडरूमचा फ्लॅट विक्रीला निघाला की आठवडाभरही टिकत नसे. मयूर कॉलनीतला एक फ्लॅट शनिवारी पाहिला, सोमवारी बँकेत विचारून कळवतो असे सांगितले, आणि रविवारी संध्याकाळी त्याचा टोकन, म्हणजे घर अडवून ठेवायची आगाऊ रक्कम, दुसऱ्याने दिला. त्या गृहस्थांकडे कर्जाचे मंजुरीपत्र तयार होते.

मग घरे पाहणे थांबवून आम्ही आधी बँक गाठली. विशिष्ट घर ठरलेले नसतानाही उत्पन्नावरून तत्त्वतः मंजुरी मिळते, हे आम्हाला तोवर ठाऊकच नव्हते. आपल्या बाजूची जेवढी घाई करायची तेवढी इथे करून घ्यावी, कारण पुढे घराच्या कागदपत्रांत ती करून चालत नाही.

पैशांचा हिशोब मात्र आमचा साफ चुकला. आम्हाला अखेर मिळालेला डहाणूकर कॉलनीतला फ्लॅट ७८ लाखांना ठरला. बँक ८० टक्के देणार, म्हणजे आपले १५ लाख ६० हजार, असे आम्ही धरून चाललो होतो. बँकेच्या मूल्यांकनकाराने घराची किंमत ७४ लाख लावली, आणि कर्ज या दोहोंपैकी कमी रकमेवर मिळत असल्याने ते ५९ लाख २० हजारांवर थांबले. मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभारासह ७ टक्के, म्हणजे ५ लाख ४६ हजार. नोंदणी शुल्क ३० हजार. एजंटची १ टक्का दलाली ७८ हजार. खिशातून एकूण २५ लाख ३४ हजार गेले, म्हणजे किमतीचा जवळजवळ तिसरा हिस्सा. घर केवळ स्त्रीच्या नावे घेतले तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, परंतु दोघांची नावे लावण्याचा आमचा हट्ट असल्याने त्या सवलतीवर आम्ही पाणी सोडले. (त्याबद्दल घरात अजून टोमणे ऐकतो.)

हा फ्लॅट पहिल्यांदा पाहिला तेव्हा दाराच्या कडीत महावितरणचे बिल खोचलेले होते आणि त्यावरचे नाव विकणाऱ्या गृहस्थांचे नव्हते. एजंटला विचारले तर तो म्हणाला, "वडिलांचं आहे हो, बदलायचं राहिलंय. नुसतं बिल आहे ते." शेअर सर्टिफिकेटवर, म्हणजे सभासदत्वाच्या दाखल्यावर, सोसायटीने मुलाचे नाव चढवलेले होते, तेव्हा आम्हीही फारसे मनावर घेतले नाही. आणखी दोन पार्ट्या तयार आहेत, असे एजंट सांगतच होता. आम्ही ५१ हजारांचा टोकन दिला. मात्र आमच्या वकीलबाईंच्या सांगण्यावरून पावतीवर एक ओळ लिहून घेतली, की मालकी हक्कात दोष आढळल्यास ही रक्कम पूर्ण परत करावी.

त्यांनी तीस वर्षांचा सर्च घेतला, म्हणजे घराच्या जुन्या नोंदणीकृत व्यवहारांचा शोध घेतला, आणि बिलावरचे नाव पुन्हा पुढे आले. नोंदणीकृत करारनामा वडिलांच्या नावे होता. त्यानंतर ना मृत्युपत्र होते, ना हक्कसोडपत्र. आईही हयात नव्हत्या, आणि नाशिकला एक विवाहित बहीण होती, जिचा उल्लेख आमच्यासमोर कोणी केलाच नव्हता. सोसायटीने मुलाचे नाव लावले होते ते वडिलांच्या नामनिर्देशनावरून, म्हणजे त्यांनी मुलाला नॉमिनी केल्यावरून. वकीलबाईंनी आम्हाला समजावले, की नामनिर्देशित माणूस मालक होत नाही, तो फक्त वारसांच्या वतीने मिळकत सांभाळतो; अर्ध्या हिश्श्याची मालकीण बहीण आहे आणि तिच्या सहीशिवाय हे खरेदीखत म्हणजे पुढच्या दाव्याला दिलेले आमंत्रण.

पुढचे पाच आठवडे एजंटने तीनदा "दुसरी पार्टी रोख द्यायला तयार आहे" असे कळवले. पहिल्या दोन वेळा आमची झोप उडाली. तिसऱ्यांदा मात्र लक्षात आले, की दुसऱ्या कोणाचा वकीलही हेच विचारणार आणि हे विकणाऱ्यालाही आता कळून चुकले आहे. दोष उघड झाल्यावर गर्दी आमच्यापुरती पातळ झाली होती. भावा-बहिणींत काय बोलणे झाले ते आम्ही विचारले नाही. हक्क सोडण्याऐवजी बहिणीने खरेदीखतात 'लिहून देणार', म्हणजे विकणारी, म्हणून स्वतः सही करायचे ठरवले आणि रक्कम दोघांत निम्मी निम्मी झाली. किंमत ५० लाखांच्या वर असल्याने १ टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्यांच्या रकमेतून कापायचा आयकर, आम्हीच कापून भरायचा होता; दोन विकणारे आणि दोन घेणारे म्हणून अर्ज चार भरावे लागले.

दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात आमचा नंबर दुपारी लागला. बहिणीच्या अंगठ्याचा ठसा यंत्र काही केल्या घेईना. त्यांनी तो पदराला पुसला, मग भावाने आपला रुमाल बाटलीतल्या पाण्याने ओला करून त्यांच्या हातात दिला, आणि चौथ्या वेळेस पडद्यावर हिरवी खूण उमटली. सूची क्रमांक दोनची, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराच्या गोषवाऱ्याची, प्रत हातात आल्यावर वकीलबाईंनी आमची नावे अक्षर न् अक्षर वाचून घ्यायला लावली. माझ्या नावातली एक वेलांटी चुकलेली होती, ती तिथल्या तिथे दुरुस्त करून घेतली.

राहायला येऊन आता चार महिने झाले. सोसायटीत हस्तांतरण झाले, मिळकत कराला नाव लागले. वीजबिल मात्र अजून त्यांच्या वडिलांच्याच नावे येते. नावबदलाचा अर्ज मी गेल्या सोमवारी भरला.