समासातली नोंद

मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे हा विषयपत्रिकेवरचा पहिला विषय बहुधा अर्ध्या मिनिटात संपतो. त्या दिवशी तो पाऊण तास चालला, आणि त्याला कारण मी लिहिलेले इतिवृत्त होते.

आमची समिती नऊ जणांची असून गणपूर्तीसाठी, म्हणजे सभेत वैध निर्णय घेता यावा यासाठी, किमान पाच सदस्य हजर असणे आवश्यक होते. मागील सभेला सहा सदस्य उपस्थित होते आणि दुरुस्तीच्या कामाचे कंत्राट देण्याचा ठराव एकमताने मंजूर झाल्याचे मी नोंदवले होते. इतिवृत्त कायम करावे का, असे अध्यक्षांनी विचारताच एक सदस्या म्हणाल्या, "या ठरावाच्या वेळी मी सभेत नव्हतेच." त्यांच्याबरोबर निघालेल्या सदस्यांनीही तेच सांगितले. म्हणजे ठरावाच्या वेळी चारच जण उरले होते.

मी कच्ची वही उघडली. समासात माझ्याच अक्षरात "४.२०, दोघे गेले" असे लिहिलेले होते आणि कंत्राटाची चर्चा त्या ओळीच्या खाली सुरू होत होती. पक्के इतिवृत्त मी तीन आठवड्यांनी, आठवणीवर विसंबून लिहायला बसलो, तेव्हा कोण काय बोलले याचे दोन पाने वर्णन केले आणि ही नोंद मात्र किरकोळ समजून गाळली. त्या दोन पानांचा आता कोणालाच उपयोग नव्हता. गाळलेल्या ओळीवर मात्र ठरावाची वैधता अवलंबून होती.

एका सदस्यांनी पान बदलून टाकण्याचे सुचवले. हेतू चांगला होता, तरी मी नम्रपणे नकार दिला, कारण सर्वांकडे पोहोचलेला मजकूर मागाहून गुपचूप बदलता येतो असे एकदा दिसले, की त्या वहीतल्या कोणत्याच पानावर विश्वास राहत नाही. अध्यक्षांना हे पटले. मूळ मजकूर तसाच ठेवून दुरुस्ती त्या दिवशीच्या इतिवृत्तात नोंदवली गेली.

कंत्राटदाराला काम सुरू करण्यास सांगणारा कार्यादेश अजून निघाला नव्हता, त्यामुळे विषय नव्याने मांडता आला. मतदानापूर्वी मी उपस्थितांची संख्या सात असल्याचे सांगितले, ठरावाचे शब्द वाचून दाखवले आणि सूचक व अनुमोदक यांची नावे लिहून घेतली. सहा मते बाजूने पडली. विरोधात मत देणाऱ्या सदस्यांनी आपली असहमती नावानिशी नोंदवण्यास सांगितले, तीही मी त्यांच्याच शब्दांत लिहिली. त्याच संध्याकाळी मसुदा सर्वांना पाठवला.