डब्यातली माती: आमची वाटचाल

१९९६ सालचा जुलै. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात रसायनशास्त्राच्या एम.एस्सी.ला होते. बाहेर तीन दिवस पावसाची झड लागलेली, सर परगावी, आणि आम्ही दोघी-तिघी प्रयोगशाळेत ब्युरेट (थेंब मोजून सोडायच्या काचेच्या नळ्या) धूत गप्पा मारत बसलेलो. दारात एक गृहस्थ आले. खाकी शर्ट, भिजलेली चप्पल, हातात स्टीलचा जेवणाचा डबा.

"बाई, माती तपासायची हाय. हितंच का?"

मला वाटलं शेतातली माती. शेतकी कॉलेजचा रस्ता सांगणारच होते, तेवढ्यात त्यांनी डबा उघडला. आत काळीभोर, ओलसर, जळकट वासाची वाळू! कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, ते मोल्डिंगचे (वाळूचे साचे करण्याच्या कामाचे) सुपरवायझर होते. कास्टिंगला, म्हणजे ओतून निघालेल्या भागाला, टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडत होती, मशिनिंगला गेलेला माल परत येत होता, आणि मालक रोज त्यांच्यावर उखडत होते. त्यांना भेटायचं होतं सरांना. शिपायानं नुसता हात केला आणि ते आमच्या दारात आले. एवढाच काय तो योगायोग.

मी ऐटीत वाळू तोलली, १०५ अंशांवर ओव्हनमध्ये सुकवली, पुन्हा तोलली. ओलावा साडेतीन टक्के. पुस्तक काढून बघितलं, तर अशा वाळूत तीन-चार टक्के पाणी चालतं. "मामा, तुमची माती चांगली आहे," असं सांगून मोकळी झाले. मामांनी मान हलवली, डबा घेतला आणि गेले.

आठवड्यानं परत हजर. या वेळी डब्यात माती आणि खिशात कापलेल्या कास्टिंगचा तुकडा. "माती चांगली हाय म्हनलासा. मग ह्ये काय?" तुकड्याच्या कडेला मुंग्यांनी पोखरल्यासारखी भोकं. मी वरमले. नमुना तपासला होता, पण ती वाळू करते काय हे मला ठाऊकच नव्हतं.

त्याच दुपारी कॅन्टीनला चहाच्या रांगेत आमच्याच विभागातले एक संशोधक विद्यार्थी पुढं उभे होते. तोवर आमची ओळख म्हणजे जिन्यात बाजूला होण्यापुरती. त्यांचं काम चिकणमातीवर मिथिलीन ब्लू हा रंग किती शोषला जातो यावर. मी सहज रडगाणं गायले. ते म्हणाले, "वाळूत चिकटायला बेंटोनाइट घालत असतील ना? त्यातलं जिवंत किती ते बघ."

ग्रीन सँडमध्ये, म्हणजे साच्याच्या ओलसर वाळूत, वाळूचे कण धरून ठेवते ती बेंटोनाइट नावाची चिकणमाती. साच्यात लोखंडाचा रस चौदाशे अंशांच्या आसपास ओतला की त्याला लागून असलेल्या थरातलं बेंटोनाइट जळतं, म्हणजे मरतं. ते पुन्हा भिजवलं तरी चिकटत नाही, पण पाणी मात्र पितं. मोल्डर मूठ दाबून बघतो, माती भुसभुशीत लागते, मग तो आणखी पाणी मारतो. त्या पाण्याची वाफ होते आणि कास्टिंगला भोकं पडतात. मी तपासली ती वाळू साच्यापासून लांबच्या ढिगातली होती. भोकं पडत होती ती साच्यातल्या, पन्नासदा फिरलेल्या मातीनं.

दुसऱ्या दिवशी मामांच्या लुनावर मागं बसून शिरोलीला गेले. घरी सांगितलं नव्हतं. साच्याजवळची वाळू आणून मी आणि त्या संशोधकांनी ब्युरेटमधून निळा रंग सोडला. काचकांडीनं एकेक थेंब गाळणकागदावर ठेवायचा. मधे गडद निळा ठिपका, भोवती नितळ पाण्याचं कडं. ज्या थेंबाला त्या कड्यात फिकट निळी प्रभा उमटून टिकते, तिथं थांबायचं. जिवंत बेंटोनाइट रंग शोषून घेतं, उरलेला रंग कड्यात येतो. ती प्रभा फारच लवकर उमटली. म्हणजे जिवंत चिकणमाती थोडीच. जुनी माती काढून नवी वाळू, नवं बेंटोनाइट घाला एवढंच आम्ही सांगितलं. महिन्याभरात माल परत यायचा कमी झाला. पुढं कळलं, फाउंड्रीच्या जगात ही चाचणी आधीपासून होती. आम्ही काही शोध लावला नव्हता. पण त्या फाउंड्रीत ती तोवर कुणी केली नव्हती.

ते संशोधक पीएच.डी. संपवून गुजरातेत नोकरीला गेले. मी १९९९ मध्ये कोल्हापूरच्या उद्यमनगरात माती तपासायची प्रयोगशाळा काढायला दहा बाय बाराचा गाळा घेतला. वडिलांच्या फंडातले चाळीस हजार, जुना ओव्हन, एक तराजू. जाहिरात मामांनी केली, सुट्टीच्या दिवशी चहाच्या टपरीवर बसून ते ज्याला त्याला सांगायचे, "त्या पोरीकडं माती दावा." पहिली दोन वर्षं लोक रिपोर्ट घ्यायचे आणि "सायबांना पाठवा" म्हणायचे, साहेब मीच, हे पटायला वेळ लागायचा. त्यात आम्ही कोल्हापूरच्या बायका बोलताना सरळ "मी आलो, मी करतो" म्हणणार. पुण्याच्या एका खरेदी अधिकाऱ्यानं फोनवर तीन महिने मला "सर" म्हटलं. मीही दुरुस्त केलं नाही, बिलं वेळेवर येत होती.

सगळीच येत नसत. एका मोठ्या कारखान्यानं आठ महिन्यांचं बिल थकवलं तेव्हा पोरांचे पगार सोनं ठेवून केले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या पुरानं शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, तेव्हा तर नमुनेच येईनात. गोकुळ शिरगावच्या गिऱ्हाइकांवर तो महिना निघाला. आज आम्ही अकराजण आहोत, त्यातल्या सहा मुली.

नमुना हवाबंद आणा, असं आम्ही प्रत्येकाला सांगतो. कागदी पुडीत किंवा उघड्या पिशवीत रस्त्यातच ओलावा उडतो आणि आकडा खोटा येतो. मामांचा घट्ट झाकणाचा डबा त्या हिशेबानं पहिल्या दिवसापासून बरोबर होता. त्यांचा मुलगा आता त्याच फाउंड्रीत सुपरवायझर आहे आणि तोही डब्यातूनच वाळू धाडतो. परवा त्याच्या नमुन्यात जाळून होणारी घट, म्हणजे वाळू जाळल्यावर कमी होणारं वजन, भलतीच जास्त आली. आमची केमिस्ट बुचकळ्यात पडली, पुन्हा जाळून बघितलं, तरी तेच. शेवटी मी डबा हुंगला.

"काल रस्सा होता काय रे डब्यात?" फोनवर विचारलं.

"व्हय मॅडम. धुतला होता की!"

नवा नमुना मागवलाय.