कोय धरली का?

लोणच्याची कैरी घ्यायला गेले की मी एकच विचारते, "मावशी, कोय धरलीय ना?" यंदा मावशींनी तोंडी उत्तर दिलंच नाही. टोपलीतली एक कैरी अडकित्त्यात धरली आणि दांडा दाबला. कट्! "ऐकलंत ना, ताई?"

ऐकलं. मेथांब्याची कोवळी कैरी सुरीखाली निमूट चिरली जाते. लोणच्याची कैरी आवाज करते. तिच्या फोडीला आतून कडक पांढरट कवच चिकटलेलं असतं, आणि अशी फोड बरणीत वर्षभर ताठ राहते. घरी फडक्याने फोडी पुसताना त्या कवचातून पापुद्र्यात गुंडाळलेली बी सुटून येते. ती तुरट, म्हणून वेगळी काढायची. इतकी वर्षं मी हे करत आले, पण माझ्या एका हातात कोय आहे आणि दुसऱ्या हातात बी, म्हणजे या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे काही डोक्यात शिरलं नव्हतं.

वनस्पतिशास्त्राचं सगळं भांडण याच जागी आहे. फुलातल्या अंडाशयाची भिंत वाढून फळ होतं. आंब्यात त्या भिंतीचे तीन थर पडतात. बाहेरचा थर म्हणजे साल, मधला म्हणजे आपण ज्यासाठी जीव टाकतो तो रस, आणि सगळ्यात आतला लाकडासारखा होतो, ती कोय. म्हणजे कोयीचं नातं सालीशी. बी तिच्या आत राहते, इतकंच. अशा फळाला अश्मगर्भी फळ म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण मला आपलं 'कोय धरणं' जास्त आवडतं. त्या दोन शब्दांत तो आतला थर कडक होतानाचा नेमका आठवडा पकडलेला आहे.

एकदा हे कळलं की स्वयंपाकघर सरळ राहत नाही. बोराची आठळी फोडली तर आत चिमुकली बी निघते, म्हणून बोर आंब्याच्या पंगतीला. खजुराची बी मात्र कितीही ठोका, आत काही नाही. ती स्वतःच दगडासारखी कडक बी आहे, त्यामुळे खजूर या पंगतीतून बाद. आणि नारळ? साल वरची, काथ्या म्हणजे मधला थर आणि करवंटी म्हणजे कोय! बाजारात नारळ सोलून देतात तेव्हा बाहेरचे दोन थर तिथेच राहतात. देवापुढे आपण वाढवतो ती नारळाची कोय. तिच्यावरचे तीन डोळे फुलातल्या तीन कप्प्यांची खूण. त्यातला एकच मऊ असतो, कोंब तिथूनच बाहेर येतो.

बदामाची तर कमाल आहे. पीच आणि बदाम एकाच प्रजातीतले भाऊ, पण पीचचा गर खाऊन आपण कोय फेकतो आणि बदामाचा गर वाळवून, कोय फोडून बी खातो. जर्दाळूने दोघांचीही सोय केली आहे. गर खा, मग आठळी उंबऱ्यात धरून फोडा, आत बदामासारखी गिरी. (लहानपणी आमच्या दाराची बिजागरी यापायीच निखळली. दोष मांजरावर गेला.)

आंब्याच्या कुळात आणखी दोन खट्याळ मंडळी आहेत. काजूचा बोंडू रसाळ, रंगीत, पण तो फळ नव्हेच, फुगलेला देठ आहे. खरं फळ खाली लोंबणारी ती काजूबी. बिब्ब्याचंही तसंच, नारिंगी देठावर काळं फळ. त्यातली गोडंबी डिंकाच्या लाडवात चालते, पण फळाचं तेल अंगावर उततं. कैरीच्या देठाचा चीक ओठाला लागला की जे चरचरतं, तेही याच घराण्याचं देणं.

माणसाला अर्थात कोय नकोच असते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने १९९२ साली 'सिंधू' ही आंब्याची जात आणली. रत्ना आणि हापूस यांच्या संकरातून आलेली, कोय अगदी पातळ. खाणाऱ्याची सोय झाली हे कबूल. पण कोय चोखण्यावरून भांडलेली माणसं त्या आंब्याकडे जरा संशयानेच बघणार.

मे महिन्यात परसात टाकलेल्या कोयींपैकी एक परवा पावसात उकलली. कडेने शिवण उसवावी तशी फाट पडली होती आणि त्यातून तांबूस पानांचा कोंब वर आला होता. भाच्याने कोंब तोडून आतली बी दगडावर घासली आणि फुंकू लागला. नुसती हवा. "मावशी, वाजतच नाही गं."

"अजून घास. त्या बाजूने नाही, वेड्या, इकडून. आण, मला दे."

पहिल्या फुंकेला थुंकी उडाली. दुसऱ्या फुंकेला पिपाणी अशी केकाटली की शेजारच्या काकू खिडकीत आल्या.